उसनं वय

घर बांधायला ठेकेदार शोधणं म्हणजे पोरीसाठी स्थळ शोधण्यासारखंच. पाहायला जाल तेव्हा सगळे गोड बोलतात, खरा कोण ते पाया खणल्यावर कळतं. थोआला हे कुणी सांगायला नको होतं. सकाळचा धंदा आवरला की अंगाला सूपचा वास तसाच घेऊन ती निघायची. असं करत आठवड्यात तीन ठेकेदार गाठले तिने.

सा देक गावाच्या पुढे, कालव्याच्या काठाला ती हातगाडीवर तांदळाच्या शेवयांचं सूप विकायची. वय चव्वेचाळीस. नवरा जाऊन तेरा वर्षं झालेली. त्याच्या शंभराव्या दिवसाचा नैवेद्य व्हायच्या आधीच दिराने तिची मातीची चूल उचलून बाहेर पाण्याकाठच्या धक्क्यावर नेऊन ठेवली होती. घर आमच्या भावाचं, भाऊ नाही तर तुझं इथे काय, एवढंच बोलला. तीच चूल उचलून थोआ चालू लागली, आणि तेरा वर्षं भाड्याच्या छपरांखाली तिच्यावरच सूप उकळत राहिली. आता कुठे चार मीटर रुंद, सोळा मीटर लांब असा जमिनीचा तुकडा स्वतःच्या नावावर झाला होता. पुढे खानावळ, मागे झोपायची खोली. ही चूल पुन्हा कुणी उचलून बाहेर ठेवता कामा नये, याहून जास्त काही तिने देवाकडेही मागितलं नव्हतं.

पहिल्या ठेकेदाराने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, घरमालक कुठे आहेत? दुसऱ्याने चहा पाजला आणि तेच विचारलं. तिसरा खिएम. पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंडाने गोड. त्याने तिला बसायला खुर्ची दिली, चार बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

कुणी कधी घर बांधायचं हे त्या मुलखात माणसाच्या वयावरून ठरतं. वय चांगलं नसेल त्या वर्षी पहिली कुदळ मारायची नाही, मारली तर घर माणूस खातं म्हणतात. थोआचं चव्वेचाळिसावं तर अगदीच वाईट. त्यात बाईचं वय मुळी धरतच नाहीत. गवंडी विटेला हात लावणार नाहीत, खिएम म्हणाला, तुम्ही मला दुप्पट दिलेत तरी नाहीत. मग उपाय काय, तर वय उसनं घ्यायचं. चांगल्या वयाचा पुरुष शोधायचा, त्याला कागदावर खोटी खोटी जागा विकायची, मालक म्हणून कुदळ त्याने मारायची, स्लॅबलाही त्यानेच उभं राहायचं. घर झालं की त्याच कागदावर ते परत विकत घ्यायचं. सगळेच करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

थोआला लाज नाही वाटली, राग आला. पैसे माझे, जमीन माझी, आणि कुदळ मारायला शेजारचा बाप्या! पण गवंड्यांशिवाय घर कसं उभं राहणार? तिने आधी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला वय देतो, पण जमिनीच्या कागदावर अर्धं नाव माझं घाल. तुझं वय तुलाच लखलाभ, असं म्हणून ती उठली आणि खिएमकडे परत आली.

"मी आणतो माणूस," खिएम म्हणाला. "माझं काम किल्ली हातात देण्याचं आहे, ताई. मधली काळजी माझी."

त्याने कागद तयार करून आणला. त्यावर नाव होतं त्रान व्हान ताम, वय अडुसष्ट. खाली विकणाऱ्याची ओळ, घेणाऱ्याची ओळ, आणि त्याखाली परतीच्या विक्रीसाठी तशाच दोन रिकाम्या ओळी. थोआने सही केली. तिने त्या माणसाला पाहिलं नाही, कारण पाहायचंच नसतं. उसनं वय घेतलं की खऱ्या मालकाने त्या दिवशी जागेपासून लांब, पाठ फिरवून बसायचं अशी रीत आहे.

कुदळ मारायच्या दिवशी ती कालव्याच्या पलीकडे साऊआजीच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली. साऊआजी ऐंशीची, कान मात्र मांजरीचे. ती दारात उभी राहून पाहत होती. पलीकडे जागेवर नैवेद्याची उकडलेली कोंबडी मांडली, चिकट भात मांडला, मीठ मांडलं. मग पाण्यावरून कुदळीचा आवाज आला. रीत पाच घावांची. आजी बोटं मुडपत मोजत होती. पाचवा झाला. थोडा वेळ गेला आणि आणखी एक आला, जरा जड, जरा खोल.

"सहा?" आजी पुटपुटली. "सहा कशाला मारले मेल्याने..."

थोआने संध्याकाळी खिएमला विचारलं. तो हसला. पाचच झाले ताई, आजीला आता ऐकू कमी येतं, म्हणाला.

काम सुरू झालं. खरं सांगायचं तर खिएम हा काही प्रामाणिकपणाचा पुतळा नव्हता. सळई बारीक, वाळूत माती, सिमेंटची गोणी येताना पोटभर आणि मिसळताना निम्मी. थोआ डोळ्यांत तेल घालून बघायची, पण सकाळभर ती गाडीवर, कुठवर बघणार? पण गंमत अशी की काम वाईट होतच नव्हतं. एके दिवशी मागची भिंत जराशी पोट काढून उभी राहिली. गवंड्यांनी ती तशीच सोडली आणि जेवून टांगलेल्या झोळ्यांत झोपले. तिथे भर दुपारी सगळा गाव झोपतो, कालव्यावर होडीसुद्धा हलत नाही. तासाने उठून पाहतात तर भिंत सरळ. विटा त्याच, चुना ओला. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केली.

मग वास यायला लागला. ओला चुना, आणि त्याच्यामागे हाताने वळलेल्या बिडीचा कडवट धूर. गवंड्यांत बिडी कुणीच ओढत नव्हतं, सगळे पाकिटातली सिगारेट ओढणारे. दुपारच्या त्या झोपेच्या तासात वारा पडलेला असायचा आणि मागच्या खोलीत ओळंबा हलत असायचा. दोरीला टांगलेलं ते पितळी वजन, इकडून तिकडे, सावकाश... कुणी तरी भिंत तपासतंय असं. गवंडी जेवताना एक वाटी जास्त मांडायला लागले. थोआने विचारलं तर म्हणाले, काकांची. थोआला वाटलं, वय देणारा म्हातारा अधूनमधून चक्कर टाकत असेल. तिला बरंच वाटलं. निदान एक तरी माणूस काम बघतोय.

स्लॅबच्या दिवशी ती पुन्हा आजीकडे पाठ फिरवून बसली. पण माणूसच ना. एकदा वळलीच. पलीकडे फळ्यांवर एक म्हातारा उभा होता, तिच्याकडे पाठ, अंगात उन्हाने पांढरा पडलेला सदरा, डोक्यावर ताडपानांची टोकदार टोपी. तो हात वर करायचा आणि काँक्रीटच्या पाट्या थांबायच्या, हात खाली करायचा आणि पाट्या चालायच्या. असं शिस्तीतलं काम तिने त्या कालव्यावर पाहिलं नव्हतं. तिने गवंड्यांना संध्याकाळी बिअरची जास्तीची पेटी पाठवली आणि म्हणाली, काकांना पहिली द्या.

घर उभं राहिलं. फरशी बसली, पांढरी, कोपऱ्यात निळं फूल असलेली. आता फक्त ते परत विकत घ्यायचं राहिलं. खिएम म्हणाला, कागद द्या, मी काकांची सही घेऊन येतो. थोआ म्हणाली, असं कसं, ज्याच्या वयावर घर उभं राहिलं त्याचं तोंड तरी बघू दे. खिएमने कामं पुढे केली, पाऊस पुढे केला, शेवटी सासू आजारी पाडली. थोआ काही दूधखुळी नव्हती. तिने कागदावरचा पत्ता वाचला, पपनस आणि चहाचा डबा घेतला, भाड्याच्या मोटारसायकलवर बसली आणि गेली.

कालव्याच्या टोकाला गवताचं छप्पर असलेली झोपडी. दार एका बाईने उघडलं, थोआच्याच वयाची. नाव हुए, तामची मुलगी. थोआने पपनस पुढे केलं आणि सांगितलं की काकांचे आभार मानायला आले. हुए दारातून बाजूला झाली. आत पूर्वजांच्या फळीवर फोटो होता. त्याच्यासमोर उदबत्तीच्या काड्या होत्या, राखेचा ढीग जुना.

"बाबांना जाऊन तीन वर्षं झाली," हुए म्हणाली. "पासष्टाव्या वर्षी गेले. चाळीस घरं बांधली लोकांची. स्वतःचं हेच, तेही भाड्याचं."

थोआच्या हातातलं पपनस खाली पडलं. ते उचलायला ती वाकली तेव्हा खिळ्याला टांगलेली टोपी तिला दिसली. टोकदार, ताडपानांची. काठाला चुना लागला होता. तिने बोट लावलं. चुना ओला होता.

खिएमला तिने त्याच्या घरी, जेवता जेवता गाठलं. आरडाओरडा केला नाही. कागद ताटाशेजारी ठेवला आणि उभी राहिली. तो दोन घास खोटं बोलला, मग रडायला लागला. त्या वर्षी चांगल्या वयाच्या सगळ्या पुरुषांनी आपलं वय आधीच कुणाकुणाला दिलेलं होतं. एक वय एका वेळी दोन घरांना चालत नाही. काम हातचं जाईल म्हणून त्याने आपल्या मेलेल्या उस्तादाचं नाव घातलं. काम त्याला तामनेच शिकवलं होतं. जिवंत असते तर यंदा अडुसष्ट झाले असते, आणि अडुसष्ट चालत होतं. कागदाला काय कळतंय, असं त्याला वाटलं. कुदळ त्याने स्वतःच मारली, टोपी घालून.

"पाच?" थोआने विचारलं.

"पाचच, ताई. आईशप्पथ."

"आणि स्लॅबला? छान उभा होतास."

खिएमचा घास हातातच राहिला. "स्लॅबला मी नव्हतो... मी कॅन थोला सिमेंटच्या ट्रकवर होतो. मला वाटलं, तुम्हीच कुणाला तरी उभं केलंत."

मग खिएम भराभरा बोलायला लागला. ते घर आता उस्तादांचं आहे ताई, कागदावर तुम्हीच विकलंय, मेलेला माणूस परत कसा विकणार? सोडून द्या. माझ्या ओळखीचा एक जण आहे, निम्म्या किमतीत का होईना, घेईल.

थोआ घाबरली होती. पण निम्म्या किमतीत हे शब्द कानावर पडले आणि तिला तो धक्का आठवला, पाण्याच्या कडेला ठेवलेली चूल आठवली. एकदा जिवंत माणसाने काढलं, आता मेलेल्याने काढायचं? तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"उद्या दुपारी बारा वाजता घरी ये," ती म्हणाली. "कुदळ घेऊन ये. आणि नाही आलास, तर कालव्यावरच्या प्रत्येक दारात जाऊन सांगेन की खिएम मेलेल्याच्या नावावर पाया घालतो."

तो आला. गावात सगळे झोपलेले, ऊन फरशीवर सांडलेलं, घर रिकामं. मागच्या खोलीत ओळंबा हलत होता. थोआने जमिनीवर चटई टाकली, दोन पेल्यांत तांदळाची दारू ओतली, मधे कागद ठेवला, चुन्याची डबी ठेवली. खिएमला दाराशी बसवलं. बिडीचा वास इतका जवळ होता की तिला खोकला आला.

"ताम काका," ती म्हणाली. "तुमच्या पोरीला भेटले. चाळीस घरं बांधलीत आणि स्वतःचं झालं नाही. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. भिंत सरळ केलीत, स्लॅब नीट टाकलात, त्याबद्दल पाया पडते. पण तुम्ही वय उसनं दिलंत. घर मी तुम्हाला दिलं नव्हतं. अंगठा द्या."

काही झालं नाही. ओळंबा हलत राहिला. दारूच्या पेल्यात बारीक तरंग उठला आणि विरला.

"तेरा वर्षं मी चूल काखेत मारून फिरले, काका. मला मालक होऊन दाखवू नका. असे मी पुष्कळ पाहिलेत."

वास आणखी जवळ आला. मानेवर कुणाचा तरी श्वास आल्यासारखा वाटला, थंड, चुन्याचा. खिएम दाराशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. थोआला कळून चुकलं की बोलण्याने हे व्हायचं नाही. म्हातारा कागद मानत होता, बोलणं नाही. आणि कागद उभा होता त्याच्या वयावर. मग वयच बदलायला हवं होतं.

ती उठली. कुदळ उचलली.

"ताई, फरशी नवी आहे..." खिएम म्हणाला.

"पैसे माझे आहेत," थोआ म्हणाली, आणि मोठ्याने, घराला ऐकू जाईल असं बोलली. "वय लागतं ना? हे घ्या. चव्वेचाळीस. बाईचं आहे. अशुभ आहे म्हणतात. असेल, पण कुणाकडून उसनं आणलेलं नाही."

पहिला घाव पडला आणि निळ्या फुलाची फरशी मधोमध खचली. आवाज विरला, आणि मग खालून, जमिनीतून, तसाच एक ठोका आला.

"ताई... खालून..."

"मोज," थोआ म्हणाली.

दुसरा घाव. खालून दुसरा. तिसरा. तिसरा. तिच्या हाताला फोड आला, डोळ्यांत घाम उतरला. चौथ्याला खालचा ठोका इतका जोरात आला की दारूचे पेले कलंडले. ती रडत होती, पण कुदळ खाली ठेवली नाही. दिराला, भावाला, घरमालक कुठे म्हणणाऱ्या त्या दोघांना, सगळ्यांना शिव्या घालत तिने पाचवा घाव घातला.

खालून काही आलं नाही.

ती कुदळीवर टेकून उभी राहिली. ओळंबा थांबला होता, अगदी सरळ. वास नव्हता. खिएम गुडघ्यांवर सरपटत कागदाशी आला आणि तोंडावर हात ठेवून बसला. खालच्या, परत विकणाऱ्याच्या ओळीवर चुन्याचा अंगठा उमटला होता, ओला. मधोमध आडवी कापल्याची खूण.

"हा त्यांचाच," तो म्हणाला. "थापीने कापला होता... माझ्यामुळेच."

तिसऱ्या दिवशी थोआने गृहप्रवेश केला. रिकाम्या हाताने घरात शिरायचं नसतं, आधी चूल न्यायची. तिने तीच मातीची चूल पेटती, स्वतःच्या हाताने आत नेली. साऊआजीने दारात उभं राहून आशीर्वाद दिला आणि दोन वाट्या सूप फुकट प्याली. हुएही आली. थोआने ताम काकांच्या नावाची उदबत्ती लावली, घरात नव्हे, बाहेर, ओट्यावर. आत लावायला ती काही वेडी नव्हती.

खिएम तर एकदम सुतासारखा सरळ झाला. फुटलेल्या फरश्या स्वतःच्या खर्चाने बदलायला आला. पाच आणल्या होत्या. काम झालं आणि तो खाली बसून राहिला. मागच्या खोलीत सहावी फुटलेली होती. पाच वरून फुटलेल्या, खड्डा पडून. सहावी खालून वर उचललेली होती. खणून बघतो, तो म्हणाला. थोआ म्हणाली, अजिबात नाही. तिने त्या फरशीवर चूल आणून ठेवली, आणि खिएमला सांगितलं, "भाडेकरू म्हणून राहायचं तर राहू दे. मालकीण मी आहे."

त्या वर्षी पाणी खूप चढलं. कालव्याकाठची निम्मी घरं कलली, भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. थोआच्या घराला केसाएवढीही नाही. लोक लांबून बघायला येतात. त्या दोघा ठेकेदारांपैकी एक परवा सूप प्यायला आला होता, त्याने भिंतीवर हात फिरवून विचारलं, काम कुणाचं? थोआ म्हणाली, माझं.

एवढंच आहे, की मागच्या खोलीत अजून ओळंबा टांगलेला असतो. खिएमने तो तीनदा काढून नेला, तरी सकाळी तो पुन्हा तिथेच. सुरुवातीला तो बरोबर चुलीच्या वर होता. आता नाही. दर महिन्याला तो वीतभर सरकतो, खाटेच्या बाजूला. परवा आजीने मोजलं, उशीपर्यंत दोन विती उरल्यात. खाट हलव गं बाई, आजी म्हणाली.

थोआने खाट हलवलेली नाही.